तहकूब ग्रामसभा

"...मग आम्ही त्यांच्या सुनावणीला जायचं तरी कशाला, माई?"

भास्कर डोईफोडे मठाच्या ओट्यावर उभाच होता. बस म्हटलं तरी बसेना. हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र चुरगळलं होतं.

गिरजामाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

भास्कर माईंचा जुना शिष्य. तालुक्याच्या कॉलेजात शिकवायचा, बोलण्यात कुणाला हार जायचा नाही, आणि गाव त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं. त्याचा त्याला बऱ्यापैकी गर्वही होता.

सरकारने तालुक्याच्या शहराचा सगळा कचरा या गावच्या गायरानावर आणून टाकायचं ठरवलं होतं. शहराने खाऊन टाकायचं आणि ते कुजायला यांच्या गुरांच्या चाऱ्यावर, यांच्या विहिरीच्या काठावर. या योजनेला नाव काय दिलं, तर 'निर्मल उद्या'. लाज कशी ती वाटू नये.

वर गावाची संमती हवी म्हणून ग्रामसभा लावली. भास्करच्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या ढोंगात आपण सामील व्हायचं नाही, असं म्हणून त्याने बहिष्काराची हाक दिली. सभेच्या दिवशी गावाने दारं लावून घेतली. चावडीकडे चिटपाखरू फिरकलं नाही. पुरेशी माणसं नाहीत म्हणून ग्रामसेवकाने सभा तहकूब केली आणि तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला. संध्याकाळी पोरांनी भास्करला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला.

इथंच गाव फसलं. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा माणसं किती आली, हे कुणी विचारत नाही. नियमच तसा आहे. पुढच्या आठवड्यात सरपंच, त्याचे भाऊ आणि सोयरेधायरे चावडीत जमले, चहा पितापिता हात वर केले आणि ठराव मंजूर करून मोकळे झाले.

आणि आज पेपरात बातमी होती. 'ग्रामस्थांच्या सहभागातून एकमताने निर्णय.' मंत्र्यांनी गावाचे जाहीर आभारसुद्धा मानले होते.

"एकमताने, माई." भास्करने पेपर माईंपुढे धरला. "आमचं तोंड तरी पाहिलं का यांनी?"

माईंनी भाकरी तव्यावर टाकली.

उद्या तालुक्याला प्रांतसाहेबांपुढे जनसुनावणी होती. हरकती ऐकायची ती शेवटची वेळ. भास्करने तिच्यावरही बहिष्कार टाकायचं ठरवलं होतं, या वेळी घराघरावर काळी निशाणं लावून. पण गावात आता चुळबूळ सुरू झाली होती. म्हातारी माणसं म्हणत होती, जाऊ, चार शब्द सुनावून तरी येऊ. माईंनी सांगितलं तर ती ऐकतील, म्हणून तो आला होता.

"तुम्ही एवढंच सांगा, की कुणी जाऊ नका."

माईंनी पाट मांडला. ताटात भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. आधी जेव, म्हणाल्या.

भास्कर पाटावर बसला. भाकरीला हात लावला आणि थांबला. शब्द मिळाल्याशिवाय घास घेणार नाही, असं सांगून तो उठला आणि ओट्याच्या टोकाला पाठ फिरवून बसला. माई आता मनधरणी करतील, अशी त्याची खात्री होती.

माईंनी हाकही मारली नाही.

वाढलेलं ताट माघारी न्यायचं नाही, दारात जो येईल त्याने ते खायचं, ही मठाची रीत. तेवढ्यात दाराशी कुणीतरी पाणी मागितलं. ठेकेदाराचा माणूस होता. सकाळपासून गायरानावर चुन्याच्या रेघा मारत होता. त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

जेवलास का, माईंनी विचारलं. तो नाही म्हणाला. ताट वाढलेलंच आहे, हात धुऊन बस, माई म्हणाल्या.

भाकरी मोडल्याचा आवाज आला तेव्हा भास्करने वळून पाहिलं. कचरा कुठवर पडणार ते आखून आलेला माणूस त्याच्या पाटावर मांडी घालून बसला होता. त्याने आणखी ठेचा मागितला. माईंनी वाढला.

भास्करच्या डोक्यात सणक गेली.

"माई, हा कोण आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"आणि त्याला जेवू घालता? ते ताट माझं होतं."

त्या माणसाचा घास हातातच राहिला. माईंनी त्याला हातानेच सांगितलं, जेव तू.

मग त्यांनी भास्करकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत माईंना इतकं संतापलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मग पाटावरून उठलास कशाला?"