सोमिलाची वखार आणि फुटलेली नाव

पूर्वी गोदेच्या काठी पोतन नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या सुतारांच्या वस्तीत जन्मला. त्याचे नाव सोमिल. लाकडाची त्याला उपजत जाण होती. ओंडका बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिला, की तो आतून भरीव आहे की किडलेला, हे त्याला आवाजावरून कळे. मोठा झाल्यावर तो घाटाजवळ भद्दक नावाच्या व्यापाऱ्याच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि बारा वर्षे तिथे राहिला. भद्दक काही दुष्ट माणूस नव्हता. सोमिलाच्या लग्नात त्याने घराचे चारही खांब सागाचे दिले होते, आणि ते कधी बोलून दाखवले नव्हते.

तेराव्या वर्षी गोदेला मोठा पूर आला आणि घाटाची नाव भर पात्रात मधोमध फुटली. अकरा माणसे बुडाली. नंदक नावाचा नावाडी पोहून बाहेर आला. त्याचा धाकटा भाऊ मात्र त्या अकरांत होता. लोक म्हणू लागले, नंदकाने हावेपायी जास्त माणसे भरली. अमात्य सुनेत्राने चौकशी केली, आणि दुसरे काही कारण हाती लागेना म्हणून नंदकाला घाटावरून काढून टाकले. तो नदीच्या खालच्या अंगाला, नगरापासून दूर, झोपडी बांधून मासेमारीची जाळी विणू लागला.

पुढच्या पंधरा दिवसांत सोमिलाने भद्दकाची चाकरी सोडली. का सोडली, हे त्याने कोणाला सांगितले नाही. स्वतःलाही नीट सांगितले नाही. बायकोला, रेवतीला, तो एवढेच म्हणाला की आता आपली स्वतःची वखार काढायची. लहान असली तरी चालेल, पण तिच्यात फक्त कठीण लाकूड ठेवायचे. साग, शिसव, अंजन. वर्षभरात वाकणारे, घुण लागणारे काही आत येऊ द्यायचे नाही.

नदीच्या वरच्या अंगाला एक उंचवटा होता. तिथे दोघांनी बांबूचे छप्पर उभे केले आणि लाकूड जमिनीला टेकू नये म्हणून खाली दगडांच्या रांगा मांडल्या. रांगा मांडून झाल्या, पण त्यांच्यावर ठेवायला लाकूड नव्हते. मग सोमिल दोन दिवसांची वाट चालून रानात गेला. तिथल्या पाड्याचा म्हातारा कारभारी तांबू याच्याशी त्याने बोलणी केली. मीठ आणि लोखंडी कुऱ्हाडी यांच्या बदल्यात एकवीस साग त्याला मिळायचे ठरले. पण तांबूने अट घातली. आधी प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती हातभर रुंदीचा सालीचा पट्टा काढायचा आणि झाड उभेच वाळू द्यायचे. दोन पावसाळे गेले, की मग तोडायचे. ओला साग दगडासारखा जड असतो. तो नदीत टाकला तर तळाला जातो. उभ्याने वाळलेला साग तरंगत नगरापर्यंत येतो, आणि त्याची फळी पुढे वाकत नाही की तडकत नाही.

सोमिलाला हे सगळे ठाऊक होते. त्याने स्वतःच्या हाताने एकवीस झाडांचे पट्टे काढले आणि तो घरी आला. तेव्हापासून त्याला चैन पडेनासे झाले.

तसे पाहिले तर धंदा वाईट चालला नव्हता. तो वाऱ्याने पडलेली शिसवीची झाडे गाडीवर घालून आणी. गाडीच्या चाकाचे तुंबे, मुसळे, मागाचे दांडे यांसाठी लोक त्याच्याकडे येऊ लागले. मनाला न पटलेला तुकडा तो विकत नसे, आणि का विकत नाही ते गिऱ्हाइकाला उघड सांगे. हळूहळू त्याच्या शब्दावर लोक लाकूड घेऊ लागले. पण सोमिल एका जागी बसेना. एकदा रचलेली चळत तो मोडी आणि पुन्हा रचे. जेवता जेवता उठून छपराचे बांबू तपासून येई. वर्षभरात तो सहा वेळा रानात जाऊन आला. दर वेळी एकवीस झाडे ठोकून पाही आणि परत फिरे. तांबू हसून म्हणे, झाडांना आपल्या वेळेने वाळू दे, तू इतक्यांदा आलास म्हणून ती घाई करणार नाहीत.

रेवतीच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नदीपलीकडे काही काम निघाले तर सोमिल घाटावरच्या होडीत बसत नसे. अर्धा दिवस चालून तो उथळ पाण्यातल्या उताराने पलीकडे जाई. एक दिवस तिने त्याला सरळ विचारले की तुम्हाला नेमके कशाचे भय वाटते. झाडे अजून हाती आली नाहीत म्हणून जिवाला घोर आहे, असे त्याने सांगितले. तिने पुढे काही विचारले नाही. पण ते उत्तर तिला पटले नव्हते, आणि तिला पटले नाही हे त्यालाही समजले.

एक पावसाळा गेला. हिवाळ्याच्या शेवटी अमात्य सुनेत्र स्वतः वखारीत आला. राजाने घाटासाठी तीन मोठ्या नावा बांधायला सांगितल्या होत्या. भद्दक सगळे लाकूड द्यायला तयार होता. पण सोमिलाचे नाव अमात्याच्या कानावर आले होते आणि निम्म्या फळ्या त्याच्याकडून घ्याव्यात असे त्याच्या मनात होते. पावसाच्या आत नावा पाण्यात उतरायला हव्यात, आणि हे काम नीट पार पडले तर पुढे घाटाला लागणारे लाकूड कायम तुझ्याच वखारीतून जाईल, असे तो म्हणाला. सोमिलाने आठ दिवसांची मुदत मागितली.

त्याच दिवशी चार लाकूडतोड्यांना बरोबर घेऊन तो रानाकडे निघाला. झाडांना अजून एक पावसाळा हवा होता, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार होते? तरी त्याने पहिल्या सागावर घाव घालायला सांगितले. तांबू दुरून पाहत उभा राहिला. झाडे सोमिलाच्या हवाली केलेली होती, त्याने अडवले नाही. दुपारपर्यंत झाड पडले. कापल्या जागेला हात लावला, तर ओल लागली. चौघांनी ओंडका लोटत नदीत सोडला. तो काही अंतर वाहिला, मग एका अंगाने कलला, आणि बघता बघता त्याचे टोकही दिसेनासे झाले.

सोमिल काठावर उभा राहून मनात हिशेब करू लागला. बाकीची वीस झाडे गाड्यांवरून नेता येतील. फळ्या पाडून उन्हात टाकता येतील. ओल पुरती जाणार नाही. पण वरून खैराच्या सालीचा काढा फासला तर ती दिसणार नाही. काढा किती दाट उकळायचा, फडके कसे फिरवायचे, किती हात द्यायचे, सगळे त्याच्या डोळ्यांपुढे आले. मग त्याला आपल्या हातांची शिसारी आली आणि तो तिथेच बसला.

तांबू जवळ येऊन बसला. तेव्हा सोमिलाने दीड वर्ष पोटात ठेवलेली गोष्ट त्याला सांगितली. सागाचा गाभा पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण सालीलगतचा पांढरा थर दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो. भद्दकाच्या वखारीत त्या पांढऱ्या फळ्यांना खैराचा काढा देऊन त्या गाभ्याच्या म्हणून विकल्या जात. हे काम सोमिलाकडे होते, आणि त्याच्याइतके सफाईने ते कोणाला जमत नव्हते. फुटलेल्या नावेच्या तळाला त्यातल्याच फळ्या होत्या. त्या कुठे जाणार आहेत हे रंगवताना त्याला माहीत नव्हते. नाव फुटल्यावर मात्र काठाला लागलेली एक फळी त्याने पाहिली आणि ओळखली.

तांबूने सगळे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, “त्या नावाड्याला हे ठाऊक आहे का?”

सोमिलाने नाही म्हणून मान हलवली. उरलेली वीस झाडे त्याने तशीच उभी ठेवली आणि तो नगराकडे परतला.

मुदतीच्या दिवशी तो घाटावर गेला. अमात्य तिथे नावा बांधण्याची जागा पाहत होता, भद्दकही आला होता, आणि काम मिळेल या आशेने बरेच सुतार जमले होते. सोमिल म्हणाला की माझे लाकूड अजून ओले आहे, ते मी देऊ शकत नाही. एवढे सांगून तो परत गेला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. पण तो जागचा हलला नाही. फुटलेल्या नावेच्या काही फळ्या काठावर, गाळात, अजून पडल्या होत्या. त्यातली एक त्याने ओढून आणली, एका सुताराकडून वाकस मागून घेतला आणि सगळ्यांसमोर ती तासली. वरचा तांबूस थर नखाएवढाही जाड नव्हता. त्याखाली पांढरे, भुसभुशीत लाकूड होते. ते बोटाने कुस्करले जात होते.

“हा रंग मी लावलेला आहे,” सोमिल म्हणाला. “नंदकाने माणसे जास्त भरली नव्हती. नाव याच्यामुळे फुटली. तोंडाने मी कोणाला खोटे सांगितले नाही, पण हाताने बारा वर्षे सांगत होतो.”

भद्दकाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “बारा वर्षे माझे मीठ खाल्लेस, सोमिला.”

“खाल्ले. म्हणून तुमच्या आधी माझे नाव घेतले.”

भद्दकाचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. तो तसाच खाली मान घालून उभा राहिला.

अमात्याने त्याच दिवशी निवाडा दिला. भद्दकाच्या वखारीतले सगळे रंगवलेले लाकूड सरपणासाठी काढले आणि घाटाचा त्याचा पुरवठा बंद केला. सोमिलाला दोन वर्षे नगरात लाकूड विकायची बंदी झाली. नंदकावर आपणच अन्याय केला हे अमात्याने भर घाटावर कबूल केले आणि त्याला मानाने परत बोलावून घ्यावे असा हुकूम दिला. तो निरोप पोहोचवायला सोमिल स्वतः गेला. ते काम त्याने मागून घेतले होते.

नंदक झोपडीपुढे जाळे विणत होता. सोमिलाने उभ्यानेच सगळे सांगितले, काही वगळले नाही. नंदकाचे हात थांबले. तो रागावला नाही, उठलाही नाही.

“माझी आई गेल्या भाद्रपदात वारली,” तो म्हणाला. “मी माझ्या भावाला बुडवले असे समजून गेली. तू एक वर्ष आधी आला असतास तर बरे झाले असते.”

सोमिल त्याला वाकून नमस्कार करून घराकडे निघाला. रेवती घराच्या दारात वाट पाहत होती. त्याने तिलाही सगळे सांगितले. भद्दकाने दिलेल्या सागाच्या खांबाला टेकून ती ऐकत राहिली. शेवटी ती म्हणाली, “दोन वर्षे लाकूड नाही, तर मजुरी करू. पण आता तरी एका जागी बसून जेवा.”

त्या पावसाळ्यात मोठ्या नावेवाचून घाट बंद राहिला. पलीकडे अडकलेले लोक सोमिलाला शिव्या देत. सत्य सांगायला त्याला हीच वेळ सापडली का, असे म्हणत. तो घाटावर दगड वाहण्याचे काम करी आणि ऐकून घेई. जिवाची तगमग एका दिवसात गेली नाही. पण ती आता नुसती दुःखाची होती. तिच्यात लपवालपवी उरली नव्हती, आणि दुःख घेऊन माणसाला काम करता येते.

पावसाळा सरला. वीसही झाडे उभ्याने वाळली होती. सोमिलाने ती तोडली, वेलींनी बांधून तराफे केले आणि नदीत सोडले. वीसही ओंडके तरंगत घाटाला आले. अमात्याने त्याला बंदीची आठवण करून दिली. बंदी विकण्याची आहे, देण्याची नाही, असे सोमिल म्हणाला आणि त्याने ते सगळे लाकूड नावांसाठी देऊन टाकले. नंदकाच्या देखरेखीखाली तीन नावा बांधल्या गेल्या. काम चालू असताना दोघांमध्ये फळ्या आणि खिळे यांखेरीज बोलणे झाले नाही.

बंदी संपली आणि सोमिलाने पुन्हा वखार उघडली, तीही पहिल्याइतकीच लहान. पहिल्या सकाळी चारपाच तुकडे मांडून तो बसला होता. नंदक आला. त्याला वल्ह्यासाठी लाकूड हवे होते. सोमिलाने एक सरळ, भरीव तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. नंदकाने तो उलटून पाहिला नाही, नखाने खरवडला नाही. खांद्यावर टाकला आणि घाटाकडे चालू लागला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली, तेव्हा समोर पिंगलक नावाचा भिक्षू बसला होता. सात दिवस त्याचे मन कशातच लागत नव्हते; तो कधी या झाडाखाली, कधी त्या कुटीत जागा बदलत होता, आणि जागा मानवत नाही असे सांगत होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, “त्या वेळची रेवती म्हणजे आपली भिक्षुणी उत्पला, रानातला तांबू म्हणजे सुमन थेर, अमात्य म्हणजे या विहाराला अन्न देणारा गृहस्थ सुदर्शन, नंदक म्हणजे त्याच्या पलीकडे बसलेला धम्मिल. सोमिल मीच होतो. आणि पिंगलका, भद्दक तू होतास. त्या दिवशी घाटावर तुलाही बोलायचे होते. तुझे ओठ हललेले मी पाहिले होते.”

पिंगलकाने मान खाली घातली. मग तो धम्मिलाकडे वळला आणि सात दिवस त्याच्यापासून लपवलेली गोष्ट सर्वांसमोर सांगू लागला.

अशा रीतीने त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्य ही पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा सद्गुण, आचरली. उशिरा आचरली, पण पुरती आचरली.