अकरावं बोट

एका राज्यात पंचवीस हजार दोनशे प्रजाजन होते आणि सुकेतू नावाचा राजा होता. आपल्या प्रजेच्या आकड्याचा राजाला कोण अभिमान! वसंतोत्सवाच्या पंगतीला प्रजा दोनदोनच्या रांगांत बसवा, सातसातच्या बसवा, दहादहाच्या बसवा, एकही माणूस उरत नसे. राजा तेवढा सिंहासनावर वेगळा. दहाच्या पुढची रांग कुणी मांडलीच नव्हती, कारण तिथे सगळे बोटांवर मोजत.

एका वर्षी एक भुकेला मांत्रिक दारी आला. राजा म्हणाला, "एक पान वाढवलं तर पंगत मोडेल. आपण निघावं."

भुकेल्या माणसाला कुणी असं बोलतं का? पण राजा बोलला खरा. मांत्रिकाने मूठभर राख उधळली आणि राजासकट सगळे पारवे झाले. पंगत मांडणारीला गणतीत धरायचं नाही, असा रिवाज होता, म्हणून हेमकळा तेवढी माणूस राहिली. तिची पाच वर्षांची मंजुळाही पारवा झाली होती.

मांत्रिक म्हणाला, "राजासकट सगळ्यांना सारख्या रांगांत बसव. एकही उरता कामा नये. सगळ्यांची मिळून एकच रांग नको, एकेकट्याची तर नकोच. तीन सकाळी देतो. जमलं तर हे पुन्हा माणसं होतील, नाहीतर चौथीला माणसांची बोली विसरतील."

पहिल्या सकाळी हेमकळेने सातसात बसवले. एक उरला, तुरेवाला राजा. दुसऱ्या सकाळी दहादहा बसवले. पुन्हा राजाच उरला. मंजुळेचे शब्द आताच अडखळू लागले होते.

तिसऱ्या सकाळी मंजुळा उडत आली. "आई, तुझं ते बोट कुठंय? मला बसायचंय."

हेमकळेच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. लोक हसतात म्हणून तिने ते सहावं बोट जन्मभर पदराखाली झाकलं होतं. ते धरून झोपायची ती एकटी मंजुळा. हेमकळेने हात बाहेर काढला. मंजुळा त्या बोटावर बसली, आणि आईने पहिल्यांदाच आपली सगळी बोटं मोजली.

मग तिने अकराअकरा बसवायला घेतले. दोन हजार दोनशे नव्वद रांगा भरल्या. शेवटच्या रांगेत दहाच जण झाले.

"महाराज, एक जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "खाली यावं."

सिंहासनावरच्या पारव्याने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तो उतरला, आणि मातीत, प्रजेशेजारी बसला.

पंख गळाले. माणसं उभी राहिली. मंजुळा आईच्या हाताला लोंबकळत होती, आणि हेमकळा सगळ्यांदेखत रडली.

त्याच दुपारी पंगत बसली. राजाने मांत्रिकाला हाताला धरून आणलं आणि रांगेतल्या आपल्या जागी बसवलं. मग हेमकळेने रांगेबाहेर एक जास्तीचं पान मांडलं.

"हे कुणाचं?" मंजुळेने विचारलं.

"माझं," राजा म्हणाला, आणि जेवायला बसला.