मठाच्या पानावरचा हात

“तिला कापलं तर हलका होईल ना?”

वैजूताई हे माझ्या नवऱ्याला विचारत होत्या. फोटोबद्दल. पलीकडे मठाच्या मोरीत मी ताकाची भांडी घासत होते आणि मधली भिंत खांद्याएवढीच होती, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

मी नळ बारीक केला.

प्रसन्न म्हणाला, बघ बाई, तुला ठीक वाटेल तसं कर.

लग्नाला अजून महिनाही व्हायचा होता. हातातला हिरवा चुडा तसाच होता. आणि नवऱ्याची माझ्याविषयीची मतं मला मोरीतून कळत होती.

वैजूताई माझ्या थोरल्या नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. ऐन तरुणपणी त्या अच्युतबुवांच्या मठात आल्या आणि इथल्याच झाल्या. मठ म्हणजे माणगंगेच्या काठी चार खोल्या, एक कडुनिंब आणि गरजेपेक्षा मोठं अंगण. बुवा प्रवचन करत नाहीत. चिंचा फोडत बसतात. लोक लांबून येतात, समोर बसतात, आयुष्यभराचं काही विचारतात… बुवा कधी उत्तर देतात, कधी हातावर चिंचोका ठेवतात.

इंटरनेटवर मठाचं एक पान आहे. ते वैजूताईंचं राज्य.

आदल्या दिवशी मला बुवांच्या पाया पडायला आणलं होतं. मी वाकून उठले, तोच बुवांनी माझ्यापुढं चिंच धरली. नवी नवरी आणि चिंच. अंगणात जमलेल्या बायका जे हसायच्या ते हसल्या. एकीनं तर बारशाला कुठलं लुगडं नेसायचं तेही ठरवून टाकलं. प्रसन्ननं नेमका तेव्हा फोटो काढला.

बुवांनी मला हळूच एवढंच विचारलं होतं, चिंचोके काढायला येतात का? मी मान हलवली होती.

म्हणजे सगळ्यांना जो आशीर्वाद वाटला, ते काम होतं. वैजूताईंनी ते ऐकलं असावं. त्या हसल्या नव्हत्या. चिंचा फोडायला बुवांच्या शेजारी आजवर त्याच बसत आल्या होत्या. आशीर्वाद कुणालाही मिळाला असता तर त्यांनी पेढे वाटले असते. पण काम…

प्रसन्नच्या नव्या मोबाईलचा फोटो मोठा. मठाचं पान तो घेईना. फोटो फार मोठा आहे, लहान करा, असं लाल अक्षरांत सांगू लागलं. बुवांच्या कानावर घातलं तर तेही म्हणाले, मग लहान करून टाका की.

लहान करणं म्हणजे कापणं, अशी वैजूताईंची रीत. त्या पानावर कडुनिंबाला शेंडा नाही. पंगतीला शेवट नाही. देवळाच्या पायऱ्या कुठं जातात ते कळत नाही. इतकी वर्षं भक्तांनीही कधी विचारलं नाही. आपण आहोत ना फोटोत, मग झालं.

मला मात्र फोटो अख्खाच्या अख्खा लहान करता येत होता. स्थळांच्या साइटवर माझा फोटो चढेना, तेव्हा मी तो स्वतःच कितीदा लहान केला होता. कशाला हात लागत नाही. कानातलं, हनुवटीवरचा तीळ, आईनं जबरदस्तीनं नेसवलेली मोरपंखी साडी, सगळं जागच्या जागी राहतं आणि फक्त आकसतं. बोटं धुऊन दोन पावलं पलीकडं जाऊन सांगायचं, इतकंच होतं.

मी घासत राहिले.

कारण मला बघायचं होतं, त्या खरंच कापतात का. आणि प्रसन्न कापू देतो का. भिंतीवरून दोघं दिसत होते. एका मोबाईलवर डोक्याला डोकं लावून बसले होते. लग्न झाल्यापासून प्रसन्न माझ्या इतका जवळ फक्त झोपेत आला होता.

इकडे लग्नानंतर आई रोज फोनवर विचारायची, मठाच्या पानावर फोटो आला का गं? वर्ध्याला बसून तिला माझं नवं घर दिसत नव्हतं. लेकीला तिथं जागा मिळाली की नाही, हे तिला त्या एका फोटोवरून कळणार होतं. शेजारच्या काकूंना चहाला बोलावून तिनं दोनदा पान उघडलंही होतं.

पानावर टाकण्याआधी प्रत्येक फोटो बुवांना दाखवायचा असतो. संध्याकाळी वैजूताईंनी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. प्रसन्न मागं उभा होता. मी चिंचांच्या सुपाशी बसले होते. जरा लांबच.

बुवांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.

“मी कुणाकडं बघतोय?”

वैजूताईंनी मोबाईल त्यांच्या आणखी जवळ नेला.

“चिंच कुणाला देतोय?”

“भक्तांना,” वैजूताई म्हणाल्या.

बुवांनी फोटोच्या कडेवर बोट ठेवलं.

“मग हा हात कुणाचा?”

मी मान पुढं काढून पाहिलं. कडेला मनगटापर्यंतचा एक हात उरला होता. हिरव्या बांगड्यांचा, चिंच घ्यायला पुढं आलेला. त्याच्यामागं माणूस नव्हतं.

“तिचा.”

“तिला नाव असेल.”

“…गार्गीचा.”

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तशा स्वच्छ बोलतात त्या.

मग त्या भराभर सांगू लागल्या. फोटो जड होता. पान घेत नव्हतं. प्रसन्नलाही विचारलं होतं. आणि लहान कर असं तुम्हीच तर म्हणालात.

“लहान कर म्हणालो,” बुवा म्हणाले. “कमी कर म्हणालो का?”

प्रसन्न पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. त्याचं हे मत मला मोरीतून नाही, समोरून कळलं.

वैजूताईंनी मोबाईल खाली ठेवला. आवाज चढला नाही त्यांचा, उलट खाली गेला.

“इतकी वर्षं तुमच्या शेजारी मी बसते, बुवा. एका तरी फोटोत तुम्ही माझ्याकडं बघितलंय का?”

बुवांनी एक चिंच फोडली, चिंचोके वेगळे केले…

“ऊठ. मागं जा.”

वैजूताई उठल्या. मागं सरकल्या.

“अजून.”

त्या कडुनिंबापर्यंत गेल्या.

“अजून.”

त्या फाटकापाशी जाऊन थांबल्या. चेहरा पांढरा पडला होता. मठातून घालवतायत असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर, मला ते फारसं वाईट वाटलं नाही.

बुवांनी मला विचारलं, “आता केवढी दिसते?”

मी डोळ्यासमोर अंगठा धरून पाहिलं. “एवढीशी.”

“काही कापलं गेलं?”

मी नीट पाहिलं. अंबाड्यातली अबोली होती. कंबरेला खोचलेला पदर होता. एका पायातली चप्पल निसटली होती, तीही होती. मागं फाटक, फाटकामागं नदीची वाळू.

“नाही.”

बुवा तिकडं बघत म्हणाले, “शेजारी बसलेल्याकडं बघता येत नाही, वैजू. मान दुखते.”

आणि ते बघत राहिले. पापणी न लववता, अख्ख्या अंगणावरून. प्रसन्नही बघत होता. कापलं गेलं होतं मला, आणि सगळे बघत होते त्यांच्याकडं.

बुवांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला.

“तू कर लहान. नळ बारीक झालेला मी ऐकला होता.”

माझे कान तापले. मी मान खाली घालून मूळ फोटो उघडला. तो अजून शाबूत होता. बुवा, चिंच, मी. आणि दुसऱ्या कडेला वैजूताई. त्या कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. बुवांच्या हातातल्या चिंचेकडं बघत होत्या. जेवायच्या वेळी दारात उभं केलेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

मी फोटो निम्मा केला. मग त्याच्याही निम्मा. सगळं आकसलं. माझ्या बांगड्यांची एक हिरवी रेघ झाली. पण ते तोंड… ते कितीही लहान केलं तरी ओळखू येत होतं.

आता पान फोटो घेत होतं. एक बटण दाबायचं होतं. आईला मी दिसले असते, बुवांच्या समोर, सगळ्यांच्या मध्ये. आणि वैजूताई तशा तोंडानं साऱ्या भक्तांना दिसल्या असत्या. मी काहीच कापलं नसतं. मला कुणी नावं ठेवली नसती.

माझा अंगठा त्या बटणावर बराच वेळ होता.

“काय गं?” प्रसन्ननं विचारलं.

मी मोबाईल त्याच्या हातात दिला आणि उठले. अंगण ओलांडायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. वैजूताई अजून तशाच उभ्या होत्या, परत यायचं की नाही हे न कळून. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांच्या बोटांना चिंचेचा वास येत होता. माझ्याही.

“तुलाही घालवलं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांची निसटलेली चप्पल पायानं त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी ती घातली. तिकडं, बुवा आणि प्रसन्न एवढेएवढेसे दिसत होते. दोघंही आमच्याकडं बघत होते.

ऐकू जावं म्हणून मला आवाज चढवावा लागला. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच.

“काढा आता फोटो. लहान आलो तरी चालेल. कापू नका तेवढं.”