वीतभर राहिलेला खांब

कोण्या एका मुलखात एक राजा होता. की राणी होती? माझी आजी राजाच म्हणायची असं वाटतं, पण माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. डोंगर मात्र नक्की होता. पांढऱ्या चुनखडीचा. त्याच्या पोटात भली मोठी गुहा, आणि गुहेतून झुळझुळ येणारा झरा. सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं, बरं का.

गावातली माणसं चुना भाजायची. पण डोंगराला कधी पहार लावायची नाहीत. पावसाळ्यात ओढ्यातून जेवढे दगड आपसूक वाहून येतील, तेवढेच भट्टीत घालायची.

एकदा काय झालं, राजाला वाटलं, आपला महाल पांढराशुभ्र हवा. तो म्हणाला, "फोडा तो डोंगर आणि भाजा त्याचा चुना." गावकरी हात जोडून उभे राहिले. डोंगर गेला तर झरा गेला, आणि झरा गेला तर गाव गेलं. मग राजा जरासा विरघळला. म्हणाला, "गुहेत माझ्या पूर्वजांची एखादी खूण सापडली तर डोंगर ठेवीन. नाहीतर सोमवारी पहारी."

खूण शोधायला कोणाला पाठवलं? भानुशास्त्रींना. त्यांनी राज्याचा सगळा इतिहास लिहिला होता, पण तक्क्याला टेकून. अंधाराला ते भ्यायचे. प्रत्येक बोलण्याआधी 'बहुतेक' म्हणायचे. 'बहुतेक आज गुरुवार आहे,' असं. खोटं मात्र त्यांना बोलताच यायचं नाही. सोबतीला होती भट्टीवाली ठमाबाई. ती कोणालाच भ्यायची नाही.

पहिल्या दिवशी दोघं दिवटी घेऊन आत शिरली. वाट चुकू नये म्हणून ठमाबाईनं वळणावळणावर चुन्याचं बोट ओढलं. तिच्या गावाची तीच रीत होती. परत फिरून पाहतात तर एकही खूण दिसेना. पांढऱ्या भिंतीवर पांढरा चुना.

"चुना तं चोख होता, बाप्पा," ठमाबाई म्हणाली.

"बहुतेक फारच चोख होता," शास्त्रीबुवा म्हणाले.

मग दोघं झऱ्याच्या पाण्यातून रांगत रांगत बाहेर आली. शास्त्रीबुवांना दिवसभर शिंका येत होत्या. त्या वाटेनं पुन्हा येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं पागोटं सोडलं. त्याचं एक टोक बाहेर बोरीला बांधलं, दुसरं हातात धरलं, आणि गेले आत. मग काय झालं? बाहेर एक शेळी आली. तिनं बोरीचा पाला खाल्ला आणि मग पागोट्याकडे वळली. आत दोघांनी कापड ओढलं, तर ओलं, चावलेलं टोक हातात आलं. शेळी बाहेर बें बें करत होती, त्या आवाजाच्या मागानं दोघं सुटली.

"शेळीनं खाल्लं आन् शेळीनंच वाचोलं," ठमाबाई म्हणाली. "आता काहून रडता?"

"लग्नातलं पागोटं होतं," शास्त्रीबुवा म्हणाले. या वेळी ते बहुतेक म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ठमाबाईनं पंधरा विडे बांधून घेतले. वळण आलं की पिचकारी. पांढऱ्या भिंतीवर लालभडक खूण. शास्त्रीबुवांनीही नाक मुरडत चार विडे खाल्ले. अशी दोघं थेट शेवटच्या दालनात पोचली. तिथे छतातून एक पांढरा खांब खाली आलेला, जमिनीतून एक वर आलेला. मध्ये वीतभर फट. वरून थेंब पडत होता, टप्प, टप्प. पूर्वजांची खूण कुठेच नव्हती.

शास्त्रीबुवांनी पुन्हा एकदा भिंती चाचपल्या. झऱ्याचं कसं होणार? पण ते राजापुढे गेले आणि खरं तेच म्हणाले. "महाराज, आपल्या पूर्वजांची खूण नाही. गुहा त्यांच्याहून जुनी. पण आत एक पांढरा खांब घडतो आहे. थोडा वरून, थोडा खालून."

"कारागीर कोण?"

"पाणी."

"मजुरी?"

"काही नाही, महाराज."

राजाचे डोळे लकाकले. "फुकट? मग त्याला मध्येच उठवू नका. खांब पुरा होऊ दे, तो महालात लावू. डोंगर नंतर फोडू. किती राहिलाय?"

"बहुतेक वीतभर."

"मग दिवाळीपर्यंत होईल."

"दिवाळीलेच होईन, महाराज," ठमाबाई म्हणाली. कोणत्या दिवाळीला ते तिनं सांगितलं नाही, आणि राजानं विचारलं नाही.

मग दर दिवाळीला राजाचा माणूस जायचा, फटीत वीत धरायचा आणि येऊन सांगायचा, "अजून थोडं आहे." मग राजाचा मुलगा राजा झाला, मग नातू. झरा वाहत राहिला, गाव पाणी पीत राहिलं, सगळी सुखात नांदली. आता पांघरूण ओढा आणि मिटा डोळे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, खडकांचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांना विचारून मी खात्री करून घेतली. असला खांब वीतभर वाढायला हजार-दोन हजार वर्षं सहज लागतात.