प्रेमापोटी हक्कसोड

भूपालअण्णा म्हणजे गावचे सरपंच. वडील मृत्युपत्र न करताच वारले आणि चार एकर मळ्याला दोनच वारस उरले, अण्णा आणि शिवणकामावर घर चालवणारी त्यांची विधवा बहीण पद्मिनी. अण्णांनी परस्पर हक्कसोडपत्र तयार केलं आणि गावची चार माणसं घेऊन तिला निबंधकांच्या कचेरीत नेलं.

निबंधकबाईंनी कागद वाचला, ‘भावावरील प्रेमापोटी मी माझा हिस्सा सोडत आहे.’ मग पद्मिनीला विचारलं, “कुणाची जबरदस्ती नाही ना?”

“जबरदस्ती कसली?” अण्णाच गरजले. “आमच्यात नुसतं प्रेम आहे!”

पद्मिनीनं पेन उचललं. “अण्णा, खरं सांग. माझं तुझ्यावर प्रेम जास्त, की तुझं माझ्यावर?”

अण्णांनी चार माणसांकडे बघत छाती फुगवली. “हे काय विचारणं झालं? माझंच जास्त! तुझ्या दसपट!”

“मग प्रेमापोटी हिस्सा तूच सोड की,” म्हणत तिनं पेन त्यांच्यापुढे धरलं.

सोबतची माणसंच आधी खो खो हसली. अण्णा घाम पुसत पुटपुटले, “एवढंही काही नाही गं.”

“मग निम्मं निम्मंच बरं,” पद्मिनी म्हणाली.

मळ्याची वाटणी तशीच झाली.