तळहातावरचं उदक

एका राज्यात अनुविंद नावाचा राजा होता. त्याला देण्याची हौस दांडगी. पण दिलेल्या वस्तूवरची नजर काही हटायची नाही. एकदा दरबारात कालंजर मांत्रिक आला. राजाने त्याला भरजरी शाल दिली, रीतीप्रमाणे तळहातावरून उदकही सोडलं. दुसऱ्या दिवशी तीच शाल वेशीपाशी भागू भिकारणीच्या अंगावर दिसली. मांत्रिकाने तिला कुडकुडताना पाहून ती पांघरवली होती. राजाने ती काढून घेतली आणि पेटीत ठेवली.

मांत्रिक परत आला. आवाज मुळीच न चढवता म्हणाला, "राजा, दिलेलं परत घेतलंस. यापुढे तुझ्या हातावरून उदक सुटणार नाही. आणि ते सुटेतोवर तुझी लेक पाषाण होत जाईल. तीन दानं तुझ्या हाती. चौथं नाही."

एवढं बोलून तो दिसेनासा झाला. त्याच घटकेला राजकन्या मृणावतीची पावलं दगडाची झाली.

राजाने पहिलं दान हत्तीचं केलं. देवळाच्या पुजाऱ्यापुढे हत्ती उभा केला, तुळशीपत्र ठेवून हातावर पाणी घेतलं आणि बजावलं, "याला रोज ऊस घाला. माझा माणूस बघून जाईल." हात उपडा केला. पाणी तळहाताला चिकटून राहिलं. मृणावती कमरेपर्यंत दगड झाली.

दुसरं दान अख्ख्या गावाचं. "गाव तुमचं," राजा गावकऱ्यांना म्हणाला, "फक्त वेशीवर माझं नाव ठळक कोरा." नाव कोरलं गेलं, पाणी मात्र जागचं हललं नाही. दगड मृणावतीच्या गळ्याशी आला.

"बाबा, दान करताय की पहारा बसवताय?" ती म्हणाली. "तोंड चालतंय तोवर विचारून घेते."

राजा खाली मान घालून बसला. खिडकीत एक साळुंकी आली. तिला माणसाची भाषा येत होती.

"राजा, दानावर उदक का सोडतात?"

"वाडवडील सोडत आले म्हणून."

"वा! फूल टाकलं तर वेचता येतं, सोनं टाकलं तर उचलता येतं. मातीत सांडलेलं पाणी कुणी भरून घेतलंय? म्हणून उदक सोडायचं. तू हत्ती दिलास आणि दोर हातातच ठेवलास."

"मग तिसरं दान कशाचं करू?"

"जे परत आणलंस, त्याचं."

राजा शाल घेऊन पायी वेशीपाशी गेला. भागू त्याला पाहून सरसावून बसली.

"महाराज, आज द्यायला आलात की न्यायला?"

"द्यायला, भागूबाई."

त्याने शाल तिच्या हाती ठेवली आणि तळहातावर पाणी घेतलं. भागूने कापड चाचपलं, दात लावले आणि टर्रकन उभं फाडलं. अर्धं आपल्या खांद्यावर घेतलं, अर्धं शेजारी व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांखाली अंथरलं. एका पिल्लाने लागलीच त्यावर मुतून घेतलं.

राजाच्या ओठांवर शब्द आले. त्याने ते गिळले.

"काही म्हणायचंय का, महाराज?" भागूने विचारलं.

"नाही. शाल तुझी."

त्याने हात उपडा केला. पाणी सुटलं. माती तेवढ्यापुरती काळी झाली, मग पाणी जिरून गेलं.

राजा महालाशी पोचला तेव्हा मृणावती पायरीवर बसून पोटऱ्या चोळत होती. "मुंग्या आल्यात हो नुसत्या," ती म्हणाली.

गावाच्या वेशीवरचं नाव त्याच आठवड्यात छिन्नीने काढलं गेलं. हत्तीकडे माणूस गेला नाही. पुढे कधीतरी राजा घोड्यावरून भागूच्या वेशीपाशी चालला होता. दोन मोठी झालेली कुत्री जरीची चिंधी चिखलातून ओढत होती. राजाने पाहिलं. घोडा थांबवला नाही.