चौरंग आणि बाज

“तुझ्या गणितात चूक नाही म्हणतेस... मग भेग पडली कशी?”

रंगनाथबुवांनी हे विचारले तेव्हा मठातली काकडआरती नुकतीच आटोपली होती. समोर अनुजा बसली होती. लहानपणी ती याच मठात अभंग म्हणायला शिकली. आता ती डोंगरपाड्यांसाठी रुग्णवाहिका बांधणाऱ्या एका कारखान्यात अभियंता होती. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कुठे किती ताण येईल, हे संगणकावर आधीच पाहून सांगणे तिचे काम. निर्धास्त जागा पडद्यावर निळी दिसे, धोक्याची लाल.

“पडद्यावर सगळा सांगाडा निळा आहे, बुवा. घाटात नेला की तुटतो. तीनदा तुटला.”

“मग काय केलंस?”

“तुटला तिथे जाड पट्टी जोडली. पुढची भेग पट्टीच्या शेजारी पडली.”

बुवांनी आरतीचे तबक बाजूला ठेवले.

“गुरुवारी शेवटची चाचणी. या खेपेला तुटला तर गाडीच रद्द. पाड्यांवरची आजारी माणसं पुन्हा झोळीतूनच खाली येणार.” तिने पर्समधून एक पाकीट काढले. “राजीनामा लिहून आणलाय. देवापुढे ठेवते आणि पाठवते.”

“नैवेद्य म्हणून?”

ती हसली नाही.

“चूक रस्त्याची आहे, बुवा. माझी नाही.”

“असेल...” बुवा उठले. “तो चौरंग जरा अंगणात मांड. आज देवाला उन्हात बसवायचं आहे.”

अंगण जुन्या दगडांचे होते. कुठलेच दोन दगड एका पातळीत नव्हते. तिने चौरंग मांडला, त्यावर समई ठेवली. चौरंगाचा एक पाय अधांतरी राहिला. समई थरथरली.

अनुजाने इकडेतिकडे पाहिले. मग हातातल्या पाकिटाची घडी करून ती पायाखाली सारली. चौरंग स्थिर झाला.

बुवांनी तो वीतभर सरकवला. समई पुन्हा थरथरली.

“दुसरं पाकीट आहे?”



बुवांनी ओसरीवरची सुंभाची बाज ओढत आणली आणि तिथेच टाकली. चारही पाय टेकले. त्यांनी ती वीतभर सरकवली. चारही पाय टेकले.

अनुजा खाली वाकली. तिने बाजेचा एक कोपरा दाबून पाहिला. बाज करकरली, किंचित मुरडली, पण एकही पाय उचलला गेला नाही.

“हिचे सांधे सैल आहेत, बुवा.”

“आजोबांनी केली त्या दिवसापासून.”

तिने दुसरा कोपराही दाबून पाहिला.

“घाटात एक चाक दगडावर चढतं,” ती हळूच म्हणाली, “आणि दुसरं त्याच वेळी खड्ड्यात असतं. सगळा सांगाडा पिळला जातो.”

“आणि तुझ्या पडद्यावर?”

“पडद्यावर... मी चारही चाकं जमिनीला खिळवून ठेवली होती. आकडे शांत राहतात म्हणून.”

“रस्त्याला विचारलं होतंस?”

तिने ओसरीवर बसून लॅपटॉप उघडला. एक चाक मोकळे केले आणि वीतभर वर उचलले. यंत्र हिशेबात गढले. बुवा तुळशीला पाणी घालत होते.

“बुवा...”

ते आले. निळा सांगाडा पिळवटला होता. आडव्या दांड्याच्या सांध्यापाशी, जिथे तो तीनदा तुटला होता त्याच भागात, लाल ठिपका उमटला होता.

“लाल आलं,” अनुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “इतके दिवस मी याच्यापासूनच पळत होते.”

बुवांनी पडद्यापुढे हात जोडले. गाभाऱ्यापुढे जोडतात तसेच.

“आजच जाते. पट्ट्या काढून टाकते, सांध्याला थोडं वळू देते.” तिने लॅपटॉप मिटला. पाकीट दगडांवर तसेच पडून होते. मग दारापाशी जाऊन ती थांबली. “पण गुरुवारी टिकेल ना, बुवा? तुम्ही नुसतं हो म्हणा.”

बुवा बाजेवर बसले. बाज करकरली. ते थोडे सरकले आणि शेजारची जागा त्यांनी उपरण्याने झटकली.

“ये, बस. हिने तुझं वजन अजून पाहिलेलं नाही.”